साल सुटायची वेळ



काल दालचिनी कापली. चौदा झाडं. ह्या वाडीत पहिल्यांदाच साल अख्खी सुटली. सकाळी फोटो टाकला तेव्हा दोन-तीन जणांनी विचारलं, 'तुम्ही तर ही झाडं उपटून टाकणार होतात ना?' होतो. कोयती पाजवून ठेवली होती. त्याचं पुढे काय झालं हे सांगायचं तर श्रीलंकेपर्यंत जाऊन यावं लागेल, म्हणून आजची नोंद लांब आहे. चहा घेऊन बसा.

2015 च्या पावसात माडांच्या मधल्या जागेत 120 रोपं लावली. जात दापोलीच्या विद्यापीठाची, 'कोकण तेज'. त्याआधी भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात लाखी बाग बघून आलो होतो. माड, मधे जायफळ नि दालचिनी, माडावर मिरी, खाली केळ आणि अननस. डोकं फिरलं होतं नुसतं. रोपं दिली माझ्या दोस्ताने. पहिलीपासून एका बाकावरचा. पुढे त्याने कृषी पदविका केली, बाजारपेठेत खत-बियाण्याचं दुकान टाकलं. रोपं उधारीवर दिली, पैसे मी दोन वर्षांनी फेडले. त्याने कधी मागितले नाहीत.

मग झाडांकडे सहा-सात वर्षं बघितलंच नाही. वाढतायत तर वाढू देत. 2022 ला शिमगा झाल्यावर गडी मोकळे होते म्हणून कोयती घातली. फांद्या मनगटाएवढ्या जाड. साल काही सुटेना. जुन्या भिंतीचा गिलावा पडतो तसे पोपडे निघाले, निम्मी साल लाकडालाच. चार गडी दोन दिवस लावले. चिपळूणच्या व्यापाऱ्याने ते सगळं 'तुकडा' म्हणून वजनावर घेतलं, मजुरीसुद्धा निघाली नाही.

त्या रागात मी दोस्ताच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर म्हणालो, 'ह्याच्याकडून रोपं घेऊ नका, ह्याला विकण्यापुरतंच कळतं.' तो काही बोलला नाही. बिलबुकाचं पान उलटलं आणि पुढच्याला विचारलं, 'तुमचं काय?' त्यानंतर वर्ष-दीड वर्ष आमचं बोलणं 'काय, बरं आहे ना' एवढंच. खत मी दुसरीकडून आणायला लागलो.

2023 च्या नोव्हेंबरात भात झोडून झालं होतं, तेव्हा त्याचा फोन आला. एका खत कंपनीच्या विक्रीच्या स्कीममध्ये त्याला कोलंबोची ट्रिप लागली होती. दोन माणसांची. वहिनींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलाला सुट्टी नाही. 'येतोस का?' म्हणाला. मी विचारलं, आणखी कोणाला विचारलंस? म्हणाला, 'कोणाला नाही.'

पासपोर्ट होता, मुलीकडे दुबईला जायचं म्हणून काढलेला. गेलो.

आता गंमत बघा. 2021 च्या एप्रिलमध्ये ज्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी रासायनिक खतावर बंदी जाहीर केली, त्याच देशात खतविक्रेत्यांची सहल! कोलंबोत तीन दिवस हॉटेल, भाषणं, रात्री नाचगाणी. मला तिथे काही करायला नव्हतं. चौथ्या दिवशी बाकीचे मुंबईला परतले. आम्ही तिकिटं चार दिवस पुढे ढकलली आणि एक छोटी गाडी भाड्याने घेतली. ही कल्पना त्याची. तिथे गाडी चालवायला तात्पुरता परवाना घ्यावा लागतो, तो काढला. गाडी आपल्यासारखीच डावीकडून, म्हणून सोपं. आपल्या एका रुपयाला तिथले जवळपास चार मिळत होते, त्यामुळे पहिले दोन दिवस आम्ही उगाच श्रीमंत होतो.

कोलंबोहून गालला जायला द्रुतगती मार्ग आहे. तो आम्ही सोडला आणि जुना किनाऱ्याचा रस्ता धरला. एका बाजूला समुद्र, समुद्राला खेटून रेल्वेचा रूळ, त्याला खेटून रस्ता, मग घरं. काही ठिकाणी लाट आणि रूळ ह्यांच्यात फक्त काळ्या दगडांचा बांध. आपला सागरी महामार्ग पुरा होईल तेव्हा कसा दिसेल कोण जाणे, पण हा रस्ता बघताना सारखं आपलं हर्णै, वेळणेश्वर आठवत होतं. जरा सपाट, इतकाच फरक. तिथे घाट नाही. त्याबदली बसवाले आहेत. तिथल्या बसवाल्याने मागून भोंगा दिला की बाजूला व्हायचं, विचार करत बसायचं नाही.

काळुतराच्या अलीकडे गाडी थांबवली. माडांच्या शेंड्याशेंड्यांमधून काथ्याचे दोर बांधलेले, एक वर एक खाली, आणि माडी काढणारा माणूस खालच्या दोरावरून पाय टाकत, वरचा दोर धरत एका माडावरून दुसऱ्यावर चाललेला. चढायचं एकदा, उतरायचं एकदा, मधले सगळे माड वरच्या वर. दोस्त मान वर करून बराच वेळ बघत राहिला. मला म्हणाला, 'दोराची गाठ बघ.' मला गाठ दिसली नाही. माझं लक्ष माणूस पडतो का इकडे.

जेवणाचं एकच सांगतो. सकाळी शिरवळ्या मिळतात, अगदी आपल्या, फक्त नारळाच्या गोड रसाऐवजी तिखट कालवणाबरोबर. शिजलेल्या भाताला सिंहली लोक 'बत्' म्हणतात आणि आठ ह्या आकड्याला 'अट'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं कोणीतरी ओळखीचं हाक मारतंय.

बालपिटियाला मादू गंगा म्हणून खाडी आहे, आत बेटं, कांदळवन. होडीवाला एका बेटावर नेतो आणि तिथे पर्यटकांना दालचिनी सोलून दाखवतात. त्या माणसाने कांडी घेतली, वरचं पापुद्र खरवडलं, पितळेच्या दांड्याने घासलं, दोन चिरा दिल्या आणि साल पायमोज्यासारखी काढून हातात दिली. दोन मिनिटं. परदेशी बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोस्ताकडे बघितलं नाही, त्याने माझ्याकडे नाही. होडीत परत येईपर्यंत दोघं गप्प. आम्हाला चार गडी आणि दोन दिवस आठवत होते.

ते साचलेलं दुसऱ्या दिवशी फुटलं, आणि नको त्या जागी.

हिक्कडुवाच्या थोडं अलीकडे पेरालिया गाव लागतं. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत कोलंबोहून निघालेली गाडी ह्या गावाजवळ लाटेत सापडली. एका गाडीत हजाराहून जास्त माणसं गेली. रेल्वे अपघातांत जगात इतकी माणसं एका वेळी दुसरीकडे गेल्याची नोंद नाही. रस्त्यालगत स्मारक आहे, जवळच पाण्यात उभी बुद्धमूर्ती. समोरच रूळ आहे, त्यावरून आजही गाड्या जातात.

तिथे चहाच्या टपरीवरच्या माणसाला थोडं हिंदी येत होतं, आखातात नोकरी केलेला. त्याने त्यांच्या विहिरीचं सांगितलं. लाट आली आणि विहिरी खाऱ्या झाल्या. लोकांनी साफ करायला म्हणून पंप लावून उपसा केला, रोज केला. पाणी गोडं व्हायच्या ऐवजी आणखी खारं. खार जमिनीवाल्यांनी हे नीट वाचा. किनाऱ्यावर वाळूत गोडं पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. वरून जोरात उपसलं की खालचं खारं वर येतं. शेवटी विहिरी पावसाने सुधारल्या, सावकाश, हंगामांमागून हंगाम. माड मात्र बरेचसे टिकले. आमच्या खालच्या आळीत एप्रिल-मेमध्ये पाच अश्वशक्तीचे पंप लावून बसलेल्यांना मी हे तोंडी सांगून थकलोय, आता लिहून ठेवतो.

तर चहा पिता पिता दोस्त म्हणाला, 'बघ, घाईने केलं की बिघडतं.' विहिरीबद्दल बोलला असेल. मला वाटलं माझ्याबद्दल बोलतोय. मी म्हणालो, 'तू रोपं विकलीस, सोलायचं कसं ते शिकवलं नाहीस.' तो म्हणाला, 'तू विचारलंस कधी? शिमग्यात कोयती घेऊन गेलास, पावसाचा टिपूस नाही, झाड सुकलेलं. आणि मग चार माणसांत माझं नाव घालवलंस.' मी म्हणालो, 'तुला माहीत होतं तर सांगायचं.' तेव्हा तो थांबला. म्हणाला, 'माहीत नव्हतं. मला पण नव्हतं माहीत. पुस्तकात दोन ओळी आहेत.'

स्मारकावर एक म्हातारी फुलं ठेवत होती. आमचे आवाज चढलेले. लाज वाटली, आम्ही गाडीत बसलो.

गालचा किल्ला आम्ही गाडीतूनच बघितला म्हटलं तरी चालेल. पोर्तुगीज, मग डच, मग इंग्रज, तिघांनी हा किनारा धरला त्यात ह्या सालीचा मोठा वाटा. पण आदल्या रात्रीपासून पोट बिघडलेलं असावं तसं झालं होतं आमचं. देवुंदरला दीपस्तंभ आहे, लंकेचं दक्षिण टोक. तिथे उभं राहून फोटो काढला, दोघांमध्ये हातभर अंतर. मुक्काम मातराला. एका खोलीत, न बोलता.

तिसऱ्या दिवशी सकाळी वेलिगमच्या बाजूला परत येताना शहाळ्याची टपरी दिसली. तिथे केशरी सालीची शहाळी मिळतात, थंबिली म्हणतात. माड बघितले तर बऱ्याच माडांच्या झावळ्या लोंबलेल्या, पात्यांच्या कडा करपलेल्या. टपरीवाली बाई म्हणाली, रोग आहे. कृषी अधिकारी मंडळींना माहीत असेल: वेलिगमचा पानमर रोग, फायटोप्लाझ्मामुळे होणारा, केरळच्या मूळकुजव्या रोगाचा भाऊबंद. 2006 पासून नोंद आहे. रोगट माड सरकार तोडायला लावतं आणि त्या पट्ट्याबाहेर माडाची रोपं न्यायला बंदी आहे. आपण ओळखीच्याकडून केरळची रोपं पिशवीत घालून आणतो, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

दोस्ताने तिला विचारलं, 'कुरुंदू?' दालचिनीला तिथे कुरुंदू म्हणतात, एवढं तो होडीवाल्याकडून शिकला होता. पर्यटकांना दाखवायचं नाही, खरं काम कुठे चालतं? तिने आतल्या रस्त्याकडे बोट केलं आणि फोन लावला. तिच्या नवऱ्याचा मामा सोलायचं काम करत होता. वीस-पंचवीस मिनिटं आत गेलो. भातखाचरं, मग उतारावर दालचिनी, घरामागे पत्र्याची शेड. अशा शेडला ते 'वाडिय' म्हणतात. आपली वाडी आणि त्यांचं वाडिय, मला बरं वाटलं.

म्हातारे सत्तरीचे असतील. बायको, सून, बारा-तेरा वर्षांची नात. नातीला इंग्रजी येत होतं, आमच्यापेक्षा बरं. दोस्त कामचलाऊ बोलायचा, मी हातवारे.

आता शेतकऱ्यांसाठी नीट लिहितो, कारण ह्यातच सगळं आहे.

पहिली गोष्ट झाडाची. आम्ही झाड वाढू दिलं तीच चूक. दालचिनीचं झाड करायचं नसतं, झुडूप करायचं असतं. अडीच-तीन वर्षांनी खोड जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर तिरकं कापायचं, आणि बुंध्याला माती चढवायची. मग बुंध्यापासून फुटवे येतात. त्यातले चार-सहा सरळ ठेवायचे, बाकीचे काढायचे, बाजूच्या डहाळ्या छाटत राहायचं म्हणजे काठी सरळ वाढते. अंगठ्याएवढी जाड झाली आणि बाहेरची साल हिरवी जाऊन तपकिरी व्हायला लागली की काढणी. मनगटाएवढी होऊ द्यायची नाही.

दुसरी गोष्ट वेळ. पावसानंतर लाल पालवी येते. पालवी लाल असताना साल चिकटून असते. ती पालवी हिरवी, जून झाली की झाडात रस चालू असतो आणि साल मोकळी होते. तो थोडा काळ. म्हातारे कापायच्या आधी कोयतीच्या टोकाने एका काठीला बारीक चीर देऊन बघतात. उचलली गेली तर कापायचं, नाहीतर पुढचं झुडूप. कापलेलं त्याच दिवशी सोलायचं. दुसऱ्या दिवसावर टाकलं की संपलं. मी शिमग्यात कापून, सावलीत रचून, दुसऱ्या दिवशी सोलायला बसवलं होतं. तिन्ही चुका एकाच वेळी.

तिसरी गोष्ट हात. आधी बाहेरचं पापुद्र बाकदार खरवडणीने काढायचं. मग पितळी दांड्याने दाबून घासायचं, त्याने आतली साल लाकडापासून सुटते. वीतभर-दीड वीत अंतरावर गोल चिरा, मग समोरासमोर दोन उभ्या चिरा, आणि सुरीचं गोलसर टोक आत सरकवत साल उचलायची. उचलायची, ओढायची नाही. निघालेल्या साली एकात एक घालत बेचाळीस इंचांची लांब नळी करतात, आतली पोकळी बारीक तुकड्यांनी भरतात. शेडच्या छताखाली काथ्याचे दोर ताणलेले असतात, त्यावर सावलीत वाळवायचं, रोज हाताने वळत राहायचं. नळी जितकी बारीक तितका भाव जास्त. सगळ्यात बारीक, सहा मिलिमीटरच्या आतली, तिला 'आल्बा' म्हणतात.

आपल्या किराणा दुकानात जाड, एकाच घडीची, लाकडासारखी मिळते ती बहुतेक कॅशिया. खरी दालचिनी हाताने चुरगळते, विडीसारखे आत पदर दिसतात. 2022 साली युरोपीय संघाने 'सिलोन दालचिनी'ला भौगोलिक मानांकन दिलं, ते ह्या पदरांच्या मालाला.

मी आधी बसलो. पहिल्या काठीची साल चार तुकड्यांत आली. दुसरीची तीन. म्हातारे काही बोलले नाहीत, तुकडे उचलून पोकळी भरायच्या टोपलीत टाकले. तेही वाया नाही.

मग दोस्त बसला. उकिडवा नाही, मांडी घालून, काठी पायाच्या अंगठ्यात धरून. सुरी घेतली, पात्यावर अंगठा आडवा ठेवला. पहिलीच साल सबंध निघाली. दुसरी पण. तिसऱ्या वेळी म्हातारे आपलं काम थांबवून त्याच्याकडे बघायला लागले. सुनेला हाक मारली. मग नातीला काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, 'आजोबा विचारतायत, तुमचे वडील काय करायचे?'

दोस्त लगेच बोलला नाही. मी त्याच्यासाठी उत्तर देणार होतो, 'शेती.' तो सगळीकडे तेच सांगतो. लग्नाच्या वेळी तेच सांगितलं होतं, बँकेच्या फॉर्मवर तेच लिहितो.

तो म्हणाला, 'बांबू.' आणि हाताने दाखवलं, बांबू चिरून बेळं काढतात तसं. सूप, रोवळी, टोपल्या. त्याचे वडील करायचे, आणि आठवीपर्यंत तोही. आम्ही वर्गात त्याला 'सूपवाला' म्हणायचो. आम्ही म्हणजे मी पण. मी जास्त. एकदा त्याच्या बोटाला बेळं लागून रक्त येत होतं, तेव्हा वही खराब होईल म्हणून मी बाक बदलून मागितला होता. हे मी आजपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं. त्याला वाचून दाखवलंय, तो म्हणाला, 'लिही.' नाव नको म्हणाला.

म्हाताऱ्यांनी मान हलवली, जशी आपण आपल्या धंद्यातल्या माणसाला हलवतो. मग त्यांनी आपलं सांगितलं, नात सांगत गेली. साल सोलायचं काम जुन्या काळी सलागम लोकांवर लादलेलं, राजाने, मग पोर्तुगीज-डचांनी. ठरावीक साल घालायची, नाही घातली तर शिक्षा. आज साल सोन्याच्या भावाची असली तरी सोलणाऱ्याला मान नाही. दुसऱ्याच्या बागेत सोलायला गेलं तर जवळपास निम्मा वाटा मिळतो, पैसा वाईट नाही, पण पोरं येत नाहीत. त्यांचा मुलगा मातराला रिक्षा चालवतो. त्याचं लग्न ठरवायला पाहुणे आले त्या दिवशी ह्या सुऱ्या, दांडे सगळं पोत्यात घालून माळ्यावर ठेवलं होतं. सून हे ऐकून हसली. तिला लग्नानंतर कळलं म्हणे, आता घरात सगळ्यात बारीक नळी तीच वळते.

संध्याकाळी पाऊस आला. आम्ही तिथेच थांबलो, जेवलो. म्हातारीने भाताबरोबर आंबट माशाचं कालवण वाढलं, आमसुलाच्या भाऊबंदाचं आंबट घातलेलं. तिथे खतबंदीचा विषय निघाला. दोस्ताचा धंदा कळल्यावर म्हातारी म्हणाली, त्या हंगामात खाचरं पिवळी पडली. नोव्हेंबरात बंदी उठली, पण पीक कुठे थांबतं? तांदूळ बाहेरून आणावा लागला. पुढच्या वर्षी तर पेट्रोलच्या रांगा, गॅस नाही, सगळंच. दालचिनीला काही झालं नाही, तिला ते तसंही फारसं घालत नव्हते.

ह्या पानावर सेंद्रिय विरुद्ध रासायनिक म्हटलं की लगेच खाली भांडण जुंपतं, म्हणून मी एवढंच लिहितो: एका आदेशाने एका हंगामात माती बदलत नाही. दोस्त तेव्हा काही बोलला नाही. परतताना गाडीत म्हणाला, 'आपल्याकडे मी सरळ युरिया देतो. माती तपासलीस का, विचारत नाही. विचारलं तर माणूस शेजारच्या दुकानात जातो.' आता तो विचारतो. दोन-तीन गिऱ्हाइकं गेली, हेही खरं.

चौथा दिवसही तिथेच गेला. मी अठरा काठ्या सोलल्या, त्यातल्या पाच बऱ्या. दोस्ताच्या मोजल्या नाहीत. निघताना म्हाताऱ्यांनी त्याला एक जुनी सुरी दिली, पातं घासून निम्मं झालेलं. त्याने पैसे द्यायला पाकीट काढलं तर त्यांनी हात धरला. मला काही दिलं नाही, ते बरोबरच.

कोलंबोला परत द्रुतगती मार्गाने आलो, अडीच तासांत. त्या रस्त्यावरून समुद्र दिसत नाही. मधे कुठेतरी मी म्हणालो, 'दुकानात बोललो ते चुकलं.' तो म्हणाला, 'हं.' थोड्या वेळाने म्हणाला, 'रोपांबरोबर माहिती द्यायला हवी होती.' मी म्हणालो, 'हं.' सुरी सामानात टाकली होती, हातातल्या पिशवीत नाही, हे विमानतळावर तीनदा तपासलं.

आल्यावर डिसेंबरात सगळी 120 झाडं चार बोटांवर कापली. घरच्यांना वाटलं मी शेवटी उपटतोयच. त्यातली अकरा मेली. बहुतेक जिथे पाणी साचतं तिथली, आणि तीन-चार मी सरळ कापली होती, तिरकी नाही, त्यात पाणी मुरून कुजली असावीत. विद्यापीठाच्या मंडळींनी ह्यावर मत द्यावं. बाकीच्यांना फुटवे आले. आम्ही पाच-पाच ठेवले. दोन पावसाळे गेले.

चिपळूणच्या लोहाराकडून त्या सुरीसारख्या दोन करून घेतल्या. पहिली फार कडक पाणी दिल्यामुळे तुटली. पितळी दांडा भांड्यांच्या मोडीत मिळाला. दोस्त आता रविवारी दुकान बंद करून येतो. वाडीत नाही बसत, पुढच्या पडवीत बसतो, रस्त्यावरून दिसेल असा. परवा त्याचा मुलगा पुण्याहून आला होता, त्यालाही बसवलं. पोराने बापाला विचारलं, 'हे कुठे शिकलात?' काय उत्तर दिलं ते मी ऐकलं नाही, मी काठ्या आणायला गेलो होतो.

काल चौदा झाडांतून छप्पन्न काठ्या निघाल्या. बेचाळीस इंची एकवीस नळ्या झाल्या, त्यातल्या सात चांगल्या बारीक. मी केलेल्या त्यात दोन. पडवीत काथ्याचे दोर ताणलेत, नळ्या त्यावर आहेत, रात्री उंदीर येतात म्हणून मांजर आत घेतलंय. वजन वाळल्यावर टाकीन. भावाचं आत्ता विचारू नका, अजून कोणाला दाखवलेला नाही.

उरलेल्या झाडांपैकी चाळीसेकांची पालवी अजून लाल आहे. ती ठेवली. ज्यांना बघायला यायचंय त्यांनी पुढच्या रविवारी सकाळी सातच्या आत या, कापणी लवकर असते. येताना कोयती आणा, आमच्याकडे दोनच आहेत.